येऊन राहिलो

माझ्या अमरावतीच्या घरमालकांनी आयुष्यात एकही सिनेमा पूर्ण पाहिलेला नव्हता. पाहिले रग्गड, पण सगळे अर्धे. मध्यंतराचे दिवे लागले की हा माणूस उठायचा, पॅन्ट झटकायचा आणि बाहेर. बाकीचे लोक समोसा आणायला उठतात आणि परत येतात. हे उठले की उठलेच. काकू आत बसून शेवट बघायच्या, काका बाहेर पानठेल्यावर बसून शेवट रचायचे आणि मग दोघं स्कूटरवरून भांडत घरी यायचे. मी वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. खिडकी उघडी असली की मला प्रत्येक सिनेमाचे दोन शेवट ऐकू यायचे, एक पडद्यावरचा आणि एक काकांचा. काकांचा बरेचदा जास्त बरा असायचा, पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आधीच डोक्यावर बसलेले होते.

मी मूळची तेल्हाऱ्याची. तेव्हा अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे तास संपला की माझी गरज संपली. वर्गात पुस्तकातलं मराठी बोलायचं आणि भांडताना घरचं, असा माझा हिशेब होता. काका कुठल्याशा सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. तिथंही जेवणाच्या सुट्टीनंतर ते फारसे कुणाला दिसले नाहीत, असं काकू सांगायच्या.

"काहून उठता वो काका अर्ध्यातून?" असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पहिल्या अर्ध्यात माणसं राह्यतात. दुसऱ्या अर्ध्यात नुसती मारामारी." महिन्याभरानं पुन्हा विचारलं तर वेगळंच. "जेवाले बसली त समदं पातेलं खातं का तू? दोन पोळ्या खाऊन उठतंच न? तसंच हे." हा माणूस कारणंसुद्धा अर्धवट देतो, हे माझ्या लक्षात आलं.

खरं कारण काकूंनी सांगितलं. दोघंही चांदूर रेल्वेचे, एकाच गल्लीतले. तरुणपणी काका सिनेमा बघायला अमरावतीला यायचे. बडनेऱ्याहून चांदूरकडे जाणारी शेवटची पॅसेंजर सिनेमा संपायच्या आधीच सुटायची. म्हणून मध्यंतर झालं की धावत सुटायचं आणि गाडी पकडायची. गावात उतरले की पोरं वाट बघत उभी. काय झालं पिच्चरमंदी? आता अर्धी गोष्ट सांगून कुणी सोडतं का? म्हणून उरलेली गोष्ट काका गाडीतच जुळवत यायचे.

"मी ओट्यावर बसून ऐकायची," काकू म्हणाल्या. "काय सांगत होता माणूस. आमच्या घरचे म्हणत, पोरगं हुशार आहे. लग्न झालं, अमरावतीले आलो, आन त्यातलाच एक पिच्चर मी पहिल्यांदा पूर्ण पाह्यला. त्यात हिरो मेला. याईनं त मले सांगतलं होतं का त्याले दोन पोरं झाले आन वावरात विहीर लागली."

"मग?"

"मंग काय. फसली मी."

असं म्हणत होत्या, पण हसतही होत्या. आणि अमरावतीत राहायला आल्यावर पॅसेंजर पकडायचं कारण उरलं नव्हतं, तरी काकांचं उठणं चालूच राहिलं.

नुसता सिनेमा असता तर मी एवढं लिहायला बसले नसते. ह्या माणसाचं सगळंच अर्धं. संध्याकाळी घरापासून वडाळी तलावापर्यंत झपझप चालत जायचे, अगदी डॉक्टरांनी कौतुक करावं असे. परत येताना चालायचे नाहीत. ज्याची गाडी दिसेल त्याला हात करायचे. "काहून बे, गावात चाल्ला का? सरक मागं." ओळख लागायची नाही. एकदा पोलिसाच्या मोटरसायकलवर बसून आले, तेव्हा अख्खी गल्ली दारात जमली. एकदा तर फुलंवाल्यांच्या छोट्या टेम्पोत झेंडूच्या पोत्यांवर बसून आले आणि उतरताना शर्टात अडकलेली दोन फुलं काकूंच्या हातात ठेवली. काकूंनी ती देवाला वाहिली. देवानं कसा चेहरा केला असेल कोण जाणे.

कॉमिक्सचं तर विचारूच नका. साठी उलटलेला माणूस रद्दीवाल्याकडून जुनी कॉमिक्स आणायचा आणि झोपाळ्यावर उताणा पडून वाचायचा. हिरो विहिरीत पडला किंवा खांबाला बांधला गेला की थांबायचं. तिथून पुढची पानं पिनेपासून फाडायची आणि काकूंना द्यायची. काकू ती पानं फडताळात अंथरायच्या आणि वर तिखटमिठाचे डबे ठेवायच्या. त्यामुळे त्या घरात सगळ्या गोष्टींचे शेवट स्वयंपाकघरात होते. मी एकदा साखर मागायला गेले आणि डबा उचलला, तर खाली एक राक्षस विमानातून पडत होता.

गाण्याचंही तेच. लेकीनं पाठवलेला एक छोटा स्पीकर होता. सकाळी त्यावर जुनी गाणी लावायचे. मुखडा संपला की पुढचं गाणं. का, तर म्हणे, "अंतऱ्यात गाणं दमते." स्वतः गुणगुणतानाही मुखड्याशीच थांबायचे. पण तिथं थांबले की स्वयंपाकघरातून काकू अंतरा उचलायच्या. हातात लाटणं, आवाज जरा किनरा, पण शब्द एकही चुकायचा नाही. मला वाटायचं ही दोघांची वेगवेगळी सवय आहे. ती एकच सवय होती, हे मला काकू गेल्यावर कळलं. गेल्यावर म्हणजे अकोल्याला. घाबरू नका.

भांडण झालं ते असं.

त्या वर्षी एक सिनेमा लागला होता. नवीन लग्न झालेला नायक परमुलखात नोकरीला निघतो, बायको स्टेशनवर सोडायला येते, तो म्हणतो मी येईन, आणि गाडी सुटते. तिथं मध्यंतर. एवढं काकूंनी मोबाइलवर जाहिरातीत पाहिलं होतं आणि त्यांना तो येतो की नाही हे बघायचंच होतं. त्यांनी काकांना देवघरासमोर उभं केलं. "हा पिच्चर दोघांनी बसून पाहाचा. शेवटपर्यंत. तुमच्या तोंडून नाई, पडद्यावर." काकांनी मान डोलावून हाव म्हटलं. मी साक्षीला होते, हातात चहाचा कप होता.

रविवारी दुपारी तीनच्या खेळाला दोघं स्कूटरवर गेले. काकूंनी नवी साडी नेसली होती. संध्याकाळी मी पायरीवर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत बसले होते, तर काका कुणाच्या तरी मोटरसायकलवरून उतरले. उतरले, त्या माणसाला हात केला, पायरी चढले.

"काकू कुठं आहेत?"

काकांनी मागं वळून पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा मागं पाहिलं.

"बाप्पा," ते म्हणाले. "ते त आतच राह्यली."

"आणि स्कूटर?"

"ते बी."

झालं असं की मध्यंतरात ते चहा आणायला म्हणून उठले. खरंच चहाच आणायला, असं ते शपथेवर सांगत होते. चहावाल्यानं विचारलं, कसा आहे पिच्चर? काकांनी सांगितलं. चहावाला म्हणाला, मंग पुढं? हे दोन शब्द कानावर पडले की हा माणूस कामातून गेलाच. चार टाळकी जमली. काकांनी नायकाला परमुलखात पोचवलं, आजारी पाडलं, बरं केलं. सांगत सांगत राजकमल चौकापर्यंत आले. ऐकणाऱ्यातला एक म्हणाला, बसा काका, सोडतो तुमाले. बसले.

इकडं काकू अंधारात शेजारची खुर्ची रिकामी ठेवून बसलेल्या. थोडा वेळ वाट पाहिली. मग बाहेर आल्या. पानठेल्यावर नाही, चहाच्या टपरीवर नाही. स्कूटर उभी, माणूस नाही. काकूंना वाटलं, कुठंतरी चक्कर येऊन पडले. आजूबाजूच्या गल्ल्या पाहिल्या, एका दवाखान्यातही जाऊन आल्या. काकांचा मोबाइल काकूंच्याच पर्समध्ये होता. शेवटी ऑटो करून घरी आल्या, तर काका झोपाळ्यावर बसून मुखडा ऐकत होते.

काकू काही बोलल्या नाहीत. भाजी गरम केली, वाढली. मला तेव्हाच भीती वाटली. काकू बोलतात तोवर सगळं ठीक असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन फाटकाशी उभ्या. मी कॉलेजला निघाले होते, तिथंच थबकले.

"चाळीस वर्षं मी एकटी शेवट पाहून आली," त्या काकांना म्हणाल्या. "मी काही म्हतलं? तुमी बाहेर असता, हे मले माहीत होतं. पिच्चर संपला का बाहेर माणूस आहे. काल बाहेर येऊन पाह्यलं त तुमी नाई. मले वाटलं, मेले."

"मेलो नाई न पण," काका म्हणाले.

"तेच त. मेले नाई, आन तरी नाई." काकूंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मी अकोल्याले पोरीकडे जाऊन राहिली."

"कवा येशीन?"

"मध्यंतर समजा," असं म्हणून काकू निघून गेल्या.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चला, मध्यंतरच आहे, संपेल. पण काका तिथंच फाटकाला धरून उभे राहिले. मध्यंतरात उठलेला माणूस परत येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांची दयाही आली. दोन्ही एकदम आलं की मी बोलून जाते. "शोभलं का हो तुम्हाला?" एवढंच म्हटलं आणि माझा तास गाठला.

पुढचे पंधरा दिवस त्या घरात जे चाललं ते मी वरून आणि खालून, दोन्हीकडून पाहिलं. लेक आईच्या बाजूनं होती, फोनच घ्यायची नाही. काकू तर नाहीच. फोन उचलायचे जावई. ते पुण्याचे. त्याच वर्षी बदली होऊन अकोल्यात आलेले, सज्जन माणूस. लेक लग्नानंतर पुण्यात राहून राहून त्यांच्यासारखीच बोलायला लागली होती, त्यामुळे बिचाऱ्यांना आपली बोली कधी नीट ऐकायलाच मिळाली नव्हती. काका विचारायचे, "काय करून राहिली ते?" जावई म्हणायचे, "नाही बाबा, अजून काही करून राहिलेल्या नाहीत." मग दोघंही फोन ठेवायचे.

पहिल्याच दिवशी काका म्हणाले, "उद्या अकोल्याले जाऊन राहिलो." दुसऱ्या दिवशीही म्हणाले. रोज म्हणायचे आणि रोज वडाळी तलावावर फिरायला जायचे. एवढंच बदललं की परत येताना कुणाला हात करेनात. घरी लवकर पोचून करायचं काय, म्हणून चालतच यायचे. मीही कधीकधी सोबत जायची. तेव्हा ते मला या भांडणाचे शेवट सांगायचे. एकात काकू संध्याकाळच्या गाडीनं येतात, पिशवीत लेकीनं दिलेले लाडू. एकात जावई त्यांना कारमधून घेऊन येतात आणि सगळ्यांची माफी मागतात. जावयांनी कशाची माफी मागायची, हे त्यात नव्हतं. एकात तर काकू चिखलदऱ्याला सहलीला जातात आणि तिथल्या थंडीत त्यांना काकांचा स्वेटर आठवतो.

एका सकाळी मी खाली पेपर घ्यायला आले, तर काका झोपाळ्यावर गुणगुणत होते. मुखडा संपला. थांबले. सवयीनं थांबले. स्वयंपाकघरातून काही आलं नाही. काकांनी मान वळवून तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मला तो अंतरा येत नव्हता. खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मला एखादं गाणं येत नसल्याची लाज वाटली. मी पेपर तिथंच ठेवून वर गेले.

आणि एका दुपारी पाहिलं, तर स्वयंपाकघरातले सगळे डबे जमिनीवर उतरवलेले. काका स्टुलावर उभे राहून फडताळात वाकून वाचत होते. मी म्हटलं, उपाशी आहेत की काय. तर म्हणाले, "हे पाह्य. हा वाचला वं. आपल्याले वाटलं विहिरीत मेला असंन, तर वाचला."

"कोण?"

"तो मुखवटेवाला. दोरी होती खिशात." त्यांचा आवाज फारच गंभीर होता. हळदीचा डाग पुसून त्यांनी पुढची ओळ वाचली.

त्या दिवशी मी त्यांना सोडलं नाही. तलावावर बसलो होतो. त्यांनी नवा शेवट सुरू केला, काकू रेल्वेनं येतात वगैरे. मी म्हटलं, "काका, एक सांगू? तुमच्या एकाही शेवटात तुम्ही अकोल्याला जात नाही. सगळ्यांत काकूच येतात. तुमच्या पायाला काय झालंय?"

काका पाण्याकडं बघत बसले. मला वाटलं आता चिडतील आणि घर सोडायला सांगतील.

"गेलो," ते म्हणाले, "आन ते नाई म्हणाली त?"

मी पायाशी पडलेला एक खडा उचलून पाण्यात टाकला.

"पहिला अर्धा मले येते, पोरी. रुसली त काय म्हणाचं, हसवाचं कसं, समदं येते. पण कोणी खरंच उठून गेलं, त्याच्या पुढं माणसं काय करतात, ते मी पाह्यलंच नाई कधी."

मी म्हटलं, "शनिवारी मी तेल्हाऱ्याला जाऊन राहिली. अकोल्यावरूनच जाते. गपचूप बसा माझ्यासोबत गाडीत."

शनिवारी सकाळी अमरावतीच्या स्टँडवर आम्ही गिला वडा खाल्ला. काकांनी पूर्ण प्लेट खाल्ली, तेव्हाच मला कळलं की माणूस घाबरलेला आहे. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. अकोल्याची गाडी लागली तसा त्यांनी जावयांना फोन लावला. मी शेजारीच उभी होते, त्यामुळे जे बोलणं झालं त्यातला शब्द न् शब्द मी ऐकला आणि मला त्यात काडीचंही चुकीचं वाटलं नाही.

"जावाईबापू, मी अकोल्याले येऊन राहिलो."

"अरे वा, बाबा. कधी?"

"हे काय, आत्ताच."

"कुठे आहात?"

"स्टँडावर."

"मग जेवणाचं काय?"

"ते झालं न अठीच. स्टँडाजवळ समदं भेटते. तिले सांगा फक्त."

फोन ठेवला. गाडीत बसलो. मूर्तिजापूरपर्यंत काका खिडकीतून कपाशीची वावरं बघत होते. मी दोनदा विचारलं, काय बोलायचं ते ठरवलं का. दोन्ही वेळा मान हलवली, पण हो की नाही ते समजलं नाही. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा ते उठले. मी शर्ट धरला. "अर्धाच रस्ता झाला," मी म्हटलं. "बसा." बसले.

अकोल्याच्या स्टँडवर उतरलो तर फाटकाजवळ काकू उभ्या. घामानं कपाळ ओलं, पर्स काखेत. शेजारी जावई, त्यांचाही शर्ट पाठीला चिकटलेला. मला वाटलं, घ्यायला आल्या. जीव भांड्यात पडला. तेवढ्यात काकू कडाडल्या.

"कोठी होते? समदे लॉज पालथे घातले आमी."

"कोणते लॉज?" काका म्हणाले. "मी त आत्ता येऊन राहिलो."

"तेच तर, बाबा," जावई म्हणाले. "येऊन राहिलात म्हणालात ना. पण राहिलात कुठे?"

स्टँडवरची दोन माणसं थांबून ऐकायला लागली. मला जरा वेळानं लख्ख उजेड पडला. आपण वऱ्हाडातले लोक येऊन राहिलो म्हणतो, तेव्हा आपण अजून वाटेत असतो. पुण्याच्या माणसाला ते वेगळंच ऐकू येतं, की हा आला आणि मुक्कामाला राहिला. आत्ताच आलो, स्टँडवर आहे, जेवण स्टँडजवळ मिळतं, हे ऐकून जावयांनी घरात जाऊन सांगितलं, "आई, बाबा अकोल्यात येऊन राहिलेत. इकडे यायला संकोचतायत बहुतेक. स्टँडजवळ कुठेतरी उतरलेत." फोन कुणाचा होता हे काकूंनी पंधरा दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं. त्या उठल्या आणि चपला घालून निघाल्या. लेक म्हणाली, अगं आई, साडी तरी बदल. थांबल्या नाहीत. काकांचा मोबाइल पिशवीच्या तळाशी होता, गाडीच्या खडखडाटात तो वाजलेला आम्हाला ऐकूच आला नाही. आम्ही इकडं कपाशी बघत येत होतो, तेव्हा काकू एकेका लॉजच्या काउंटरवर विचारत होत्या की उंच, टक्कल पडलेला, चहा अर्धा टाकून उठणारा माणूस इथं उतरला आहे का.

हे सगळं मी समजावून सांगितलं. जावई कानाच्या पाळीला हात लावून सॉरी म्हणाले. मला हसू आवरेना. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे तुमी येऊन राह्यले नव्हते," त्या काकांना म्हणाल्या. "मले वाटलं, घरदार सोडून आले माह्यासाठी. लॉजवर पडून आहेत बिचारे. म्हतलं, बदलला माणूस."

"आलो त खरा," काका म्हणाले.

"आले. आन किती वेळ? मध्यंतरापर्यंत?"

काकांनी पिशवी खाली ठेवली. मग ते म्हणाले, "तो पिच्चर अठी लागला आहे का वं?"

लागला होता. स्टँडवरच्या भिंतीवरच पोस्टर होतं. काकूंनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. "माह्या अर्धाच राह्यला तो," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तुमच्यापायी."

लेकीकडं जेवण करून आम्ही तीनच्या खेळाला गेलो. काका, काकू, जावई आणि मी. माझी तेल्हाऱ्याची गाडी मी सोडून दिली. असा सिनेमा सोडून कुणी तेल्हाऱ्याला जातं का?

गाडी सुटली, नायिका रुमाल हलवत राहिली, दिवे लागले. काका उठले. आम्ही तिघांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"लघवीले चाल्लो," काका म्हणाले. "तेवढं त जाऊ द्या."

"चप्पल काढा," काकू म्हणाल्या.

"का?"

"एक ठेवून जा."

काकांनी निमूट डाव्या पायातली चप्पल काढली. काकूंनी ती मांडीवर घेतली. उजव्या पायातल्या चपलेनं फटक फटक करत काका पायऱ्या उतरून गेले. लोक बघत होते. जावई छताकडं बघत होते.

दिवे गेले तरी काका आले नाहीत. पडद्यावर परमुलूख सुरू झाला. मी दाराकडं पाहिलं. काकूंनी पाहिलं नाही, पण चप्पल घट्ट धरली होती. मला वाटलं, गेला हा बाबा, एका चपलेनं अमरावतीला गेला.

आणि दाराशी अंधारातून मोठा आवाज आला. "कोठी हायेस वं?"

माझ्या तेव्हा लक्षात आलं. दिवे गेल्यावर आत शिरण्याची वेळ ह्या माणसावर कधी आलीच नव्हती. अंधारात आपली जागा कशी शोधायची हे त्यांना ठाऊकच नव्हतं. थिएटरभर हशा पिकला. कुणी ओरडलं, काका, इकडं. कुणी मोबाइलचा उजेड पाडला. काकू उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी ती चप्पल डोक्यावर उंच धरली.

"अठी," त्या म्हणाल्या.

काका एकेका रांगेला धडकत, माफी मागत आले आणि बसले. मला रडू आलं. आलं तर आलं, अंधार होता.

पुढं झालं ते असं की लॉज पालथे घालून दमलेल्या काकूंना दहा मिनिटांत झोप लागली. डोकं काकांच्या खांद्यावर. काका हलेनात. आता उठायचीही सोय नव्हती. जन्मात पहिल्यांदा त्यांनी सिनेमाचा दुसरा अर्धा पाहिला, तोंड उघडं टाकून. त्यात नायक काही आला नाही. तिकडंच त्यानं दुसरा संसार मांडला. नायिका त्याच स्टेशनवर म्हातारी झाली. शेवटी रिकामा फलाट आणि नावं वर सरकायला लागली. काकांनी मान न हलवता मला हळूच विचारलं, "असंच राह्यते का समदं? दुसऱ्या अर्ध्यात?"

"नाही हो," मी म्हटलं. "हा एक तसा निघाला."

बाहेर पडलो. लेकीचं घर लांब नव्हतं, चालतच निघालो. काकांच्या पायात दोन्ही चपला होत्या. रस्त्यानं जाणाऱ्या एकाही गाडीला त्यांनी हात केला नाही. काकूंचे डोळे अजून झोपेतच होते.

"माह्या त डोया लागला," त्या म्हणाल्या. "मंग? आला का तो परत?"

जावयांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. काका चार पावलं चालले. जे झालं ते त्यांना पहिल्यांदाच माहीत होतं.

"येऊन राहिला," काका म्हणाले.

काकू रस्त्यातच थांबल्या. काकांच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"कोण्या बोलीत?" त्यांनी विचारलं. "आपल्या का जावाईबापूच्या?"

"जावाईबापूच्या," काका म्हणाले.